निसटत्या वाटेवर थांबणारं औषध

घशाखाली उतरलेला घास पोटात पोचायला आठ-दहा सेकंद लागतात. पाण्याचा घोट त्याहूनही लवकर जातो. मधली वाट म्हणजे अन्ननलिका, मोठ्या माणसात साधारण २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. गिळायचं काही नसतं तेव्हा ती चपटी, मिटलेली असते. घास आला की त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो आणि आकुंचनाची ही लाट घासाला ढकलत नेते. हे काम गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालत नाही. डोकं खाली आणि पाय वर असतानाही गिळलेला घास पोटातच जातो. नळीचं आतलं अस्तर त्वचेसारखं अनेक थरांचं असतं. ते अन्न शोषून घेत नाही आणि पाचकरसही स्रवत नाही. जठरात अन्न तासन् तास घुसळलं जातं, आतड्यांत त्याहूनही जास्त वेळ राहतं. अन्ननलिकेत मात्र काही रेंगाळू नये अशीच तिची घडण आहे.

मग ही नळीच आतून सुजली, तर तिच्या अस्तराला औषध लावायचं कसं? कातडीवर मलम चोळता येतं, डोळ्यांत थेंब घालता येतात, दम्याचं औषध श्वासावाटे फुप्फुसात नेता येतं. अन्ननलिकेत गेलेलं औषध मात्र काही सेकंदांत तिला सोडून जठरात पडलेलं असतं. गेल्या तीसएक वर्षांत या कोड्याची जी उत्तरं सापडली, ती समजून घेताना मी थक्क होत गेलो. त्यातलं एक उत्तर तोंडातल्या लाळेतून येतं, एक यकृतातून, आणि एक चक्क चुकीच्या पद्धतीने वापरलेल्या इन्हेलरमधून.

ज्या आजाराने हे कोडं घातलं त्याचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘ईओई’ म्हणतात. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ‘इओसिनोफिल’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला असतो. ॲलर्जी झाली किंवा पोटात जंत झाले की या पांढऱ्या पेशी वाढतात. १८७९ मध्ये जर्मन वैद्यक पाउल एर्लिख यांनी इओसिन नावाचा तांबडा रंग वापरून त्या पहिल्यांदा वेगळ्या ओळखल्या, कारण या पेशींच्या पोटातले कण तो रंग अधाशासारखे पितात. निरोगी माणसाच्या जठरात, आतड्यांत इओसिनोफिल कमीअधिक प्रमाणात वस्तीला असतातच. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र ते नसतात. पचनमार्गाचा हा एकच पट्टा त्यांच्यापासून मोकळा असतो. ईओई असलेल्या माणसाच्या अन्ननलिकेतून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की मोठ्या भिंगाच्या एकाच दृष्टिक्षेत्रात १५ किंवा त्याहून जास्त तांबड्या रंगलेल्या इओसिनोफिल पेशी दिसतात. निदानाची रेघ तिथे आखलेली आहे. काहींच्या तुकड्यांत त्या शंभराच्या वर जातात.

रुग्णाला यातलं काही दिसत नाही. त्याला एवढंच कळतं, की घास छातीत अडकतो. लहान मुलं अन्न नाकारतात, ओकतात, पोटात दुखतं म्हणतात, त्यांचं वजन वाढत नाही. मोठ्यांमध्ये मांसाचा तुकडा, कोरडा पाव, घट्ट भात असं काहीतरी अडकतं आणि कधी कधी ते दुर्बीण घालूनच काढावं लागतं. हा आजार पुरुषांमध्ये बायकांच्या साधारण तिप्पट आढळतो. रुग्णाला किंवा घरातल्या कुणाला तरी दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी असणं इथे नेहमीचं आहे.

या आजाराबद्दल वाचताना मला सर्वांत चटका लावून गेली ती माणसांची जुळवून घेण्याची क्षमता. घास अडकतो म्हटल्यावर माणूस डॉक्टरकडे जातोच असं नाही. तो प्रत्येक घासामागे पाणी पितो. भाकरी कालवणात भिजवून मऊ करतो. सगळ्यांची पानं उचलली तरी चावत बसतो. मांस, कडक पोळी, साल असलेली फळं हळूहळू ताटातून हद्दपार करतो. मोठी गोळी गिळायची वेळ आली की टाळाटाळ करतो. असं वर्षानुवर्षं चालतं आणि घरातले लोक म्हणतात, ‘त्याला सावकाश जेवायची सवयच आहे.’ ‘गिळायला त्रास होतो का?’ असं विचारलं तर तो ‘नाही’ म्हणतो आणि ते खोटंही नसतं. म्हणून या आजारातले जाणकार वेगळे प्रश्न विचारतात. जेवायला किती वेळ लागतो? जेवताना किती पाणी लागतं? बाहेर चार लोकांत जेवायचं टाळता का? काय खायचं सोडून दिलंत?

वैद्यकाच्या पुस्तकांत हा आजार आला तो अगदी अलीकडे. अन्ननलिकेत इओसिनोफिल दिसले, की जठरातलं आम्ल वर येतंय असं समजलं जायचं. १९९३ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा इथून स्टीफन ॲटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ रुग्णांची हकिगत छापली. या सगळ्यांना गिळायला त्रास होता, अस्तरात इओसिनोफिलची गर्दी होती, पण नळीतलं आम्ल मोजलं तर बहुतेकांचं सामान्य निघालं. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये आलेक्स स्ट्राउमान यांनी असेच १० रुग्ण नोंदवले. दोन खंडांत, एकाच सुमाराला, दोन गट एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते.

१९९५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १० मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आम्लावरच्या उपचारांनी त्यांना गुण आलेला नव्हता. त्यांचं नेहमीचं अन्न बंद करून फक्त अमिनो आम्लांपासून बनवलेलं दूध दिलं गेलं, म्हणजे ज्यात अखंड प्रथिन उरतच नाही असं अन्न. काही आठवड्यांत ८ मुलांचा त्रास पूर्ण थांबला, उरलेल्या दोघांचा कमी झाला आणि अस्तरातले इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले. रोज पोटात जाणाऱ्या साध्या अन्नातली प्रथिनंच या नळीला डिवचत होती. यातून आहाराचे उपचार निघाले. शिकागोतल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे असे सहा गट बंद करून मुलांना बरं करून दाखवलं. २०२३ मधल्या एका चाचणीत मोठ्या माणसांमध्ये नुसतं दूध बंद करून ३४ टक्के लोकांचं अस्तर निवळलं आणि सहाही गट बंद करून ४० टक्क्यांचं. आहाराची वाट महत्त्वाची आहे, पण मला सांगायचंय ते औषधांविषयी.

औषध कुठे बोट ठेवतं हे कळायला आधी अस्तरात काय घडतं ते पाहावं लागेल. अन्नातल्या प्रथिनाने चिडलेल्या प्रतिकारपेशी काही निरोप्या प्रथिनं सोडतात. त्यातलं मुख्य इंटरल्यूकिन-१३ आणि त्याचं भावंड इंटरल्यूकिन-४. हे निरोप अस्तराच्या पेशींवर येऊन आदळले, की त्या पेशी एक खास रसायन भरमसाट बनवू लागतात. त्याचं नाव इओटॅक्सिन-३. सिनसिनाटीतल्या मार्क रॉथेनबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये रुग्णांच्या अस्तरातली हजारो जनुकं तपासली, तेव्हा सर्वांत जास्त चेतलेलं जनुक याच रसायनाचं निघालं, निरोगी अस्तराच्या पन्नास पटींहून जास्त. इओटॅक्सिन-३ रक्तातल्या इओसिनोफिलना हाक मारतं आणि ते नळीच्या भिंतीत शिरतात. म्हणजे या पाहुण्यांना अन्ननलिका स्वतःच बोलावत असते!

तेच इंटरल्यूकिन-१३ अस्तराचे बांधही सैल करतं. एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींमध्ये फटी पडतात, विटांच्या भिंतीतला चुना झडून गेल्यासारख्या. त्या फटींतून अन्नातली आणखी प्रथिनं आत उतरतात आणि आणखी चिडचिड होते. २०१४ मध्ये सिनसिनाटीतल्याच संशोधकांनी असं एक जनुक दाखवलं, की ज्यातल्या फरकामुळे ईओईचा धोका वाढतो. कॅल्पेन-१४ हे त्याचं नाव. शरीराच्या बहुतेक अवयवांत हे जनुक झोपलेलं असतं, जागं असतं ते प्रामुख्याने अन्ननलिकेत, आणि इंटरल्यूकिन-१३ त्याला आणखी चेतवतं. तेच दूध, तोच गहू सगळ्या पचनमार्गातून जातो, तरी सूज नेमकी या २५ सेंटीमीटरांतच का येते, याचा एक धागा इथे हाताला लागतो.

आता औषधं. सुरुवातीला डॉक्टरांनी मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. अस्तर झपाट्याने सुधारलं, पण गोळी सगळ्या शरीरभर फिरते. हाडं, वाढ, रक्तातली साखर या सगळ्यांवर तिचा भार पडतो. शिवाय ती बंद केली की आजार परत येतो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्याला हा मार्ग परवडणारा नव्हता.

१९९८ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी एक साधी, पण विलक्षण कल्पना लढवली. दम्याच्या इन्हेलरमध्ये स्टेरॉइड असतंच. इन्हेलर वापरताना रुग्णाला बजावलं जातं, की औषध तोंडात मारा, खोल श्वास घ्या, गिळू नका आणि नंतर चूळ भरा. मेयोच्या डॉक्टरांनी चार मुलांना नेमकं उलटं करायला सांगितलं. फवारा तोंडात मारा, श्वासावाटे ओढू नका, गिळून टाका. मुलांचा त्रास ओसरला. दम्याच्या उपचारात जी चूक मानली जाते तीच इथे उपचार झाली. पुढे सिनसिनाटीत २००६ मध्ये खोट्या औषधाशी तुलना करून झालेल्या चाचणीनेही फवारा गिळण्याचा उपयोग होतो हे दाखवलं.

पण फवारा तर गिळला जाऊन आठ-दहा सेकंदांत खाली गेलेला असणार. मग तो लागू पडतो कसा? जेवढा थोडा अंश भिंतीला चिकटून राहतो, तेवढ्यावर. यातूनच पुढचा विचार आला, की हा अंश वाढवता आला तर? सॅन डिएगोतल्या सीमा असेव्हिस, रंजन दोहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याच्या नेब्युलायझरसाठी मिळणारं बुडेसोनाइड हे पातळ औषध घेतलं आणि त्यात सुक्रालोज ही कृत्रिम साखर कालवून त्याचा दाट, गोड लगदा केला. मुलांनी तो झोपण्यापूर्वी हळूहळू गिळायचा आणि त्यावर पाणी प्यायचं नाही. बुडेसोनाइडच्या या छोट्या प्लास्टिकच्या नळ्या आपल्याकडेही दम्याच्या रुग्णांच्या घरी असतात. केमिस्ट त्यांना रेस्प्युल म्हणतो. तेच औषध. मात्र ते कालवून घरच्या घरी सुरू करायचं नसतं. दाटपणा, मात्रा आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतात.

या सगळ्या कहाणीतली माझी सर्वांत आवडती चाचणी २०१२ ची, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातली. इव्हान डेलन यांच्या गटाने २५ रुग्णांचे दोन भाग केले. दोघांनाही बुडेसोनाइडच दिलं, मात्राही तीच, दिवसातून दोनदा एक मिलिग्रॅम, आठ आठवडे. फरक एवढाच, की एका गटाने नेब्युलायझरचं धुकं तोंडात घेऊन गिळलं आणि दुसऱ्याने दाट लगदा गिळला. शेवटी मोजलं तेव्हा धुकं गिळणाऱ्यांच्या अस्तरात एका दृष्टिक्षेत्रात सरासरी ८९ इओसिनोफिल होते आणि लगदा गिळणाऱ्यांच्या ११. किरणोत्सारी खूण लावलेलं औषध नळीत किती वेळ राहतं हेही त्यांनी कॅमेऱ्याने टिपलं होतं. लगदा जास्त वेळ राहत होता. रेणू तोच, वजन तेच, आणि निकालात आठपट अंतर, ते केवळ भिंतीशी थांबण्याच्या वेळामुळे. औषध म्हणजे गोळीतलं रसायन, असं आपण धरून चालतो. इथे औषधाचा अर्धा गुण त्या रसायनात नव्हताच. तो चिकटपणात होता.

मग औषध कंपन्यांनीही हाच धागा पकडला. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या डॉक्टर फाल्क फार्मा या कंपनीने बुडेसोनाइडची जिभेवर विरघळणारी गोळी बनवली आणि २०१८ च्या सुरुवातीला युरोपात तिला मान्यता मिळाली. खास या आजारासाठी मान्य झालेलं ते पहिलं औषध. ही गोळी पाण्याबरोबर घ्यायची नाही. जिभेच्या टोकावर ठेवायची आणि टाळूला हलकेच दाबायची. ती फसफसते, त्याने तोंडात लाळ सुटते, औषध त्या लाळेत मिसळतं आणि ती लाळ थोडी थोडी करून गिळायची. विरघळायला किमान दोन मिनिटं लागतात, कधी वीससुद्धा. म्हणजे आठ सेकंदांत निसटणारा एक घोट घेण्याऐवजी औषध घोटाघोटाने, मिनिटांवर मिनिटं, भिंतीवरून ओघळत राहतं. पुढे अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही. ज्यांना गोळी गिळायचीच धास्ती, अशा माणसांसाठी गिळावी न लागणारी गोळी! चाचणीत सहा आठवड्यांत ५८ टक्के आणि बारा आठवड्यांपर्यंत ८५ टक्के लोकांचं अस्तरही निवळलं आणि गिळणंही. खोट्या गोळीच्या गटात सहा आठवड्यांनी हा आकडा शून्य होता. अमेरिकेत २०२४ च्या फेब्रुवारीत याच औषधाचा पिण्यासाठी बनवलेला दाटसर प्रकार ११ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी मान्य झाला.

शेवटी सगळं स्टेरॉइड पोटात जाणारच. मग गोळ्यांसारखा त्रास का होत नाही? याचं उत्तर यकृतात आहे. आतड्यांतून शोषलेलं बुडेसोनाइड शरीरभर पसरण्याआधी यकृतातून जातं आणि तिथे पहिल्याच फेरीत त्याचा साधारण नव्वद टक्के भाग मोडून निकामी होतो. इन्हेलरमधल्या फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा तर त्याहून जास्त. पहिल्या फेरीत मोडून पडणं हा बहुतेक औषधांत दोष समजतात, कारण त्यामुळे मात्रा वाया जाते. इथे तोच गुण आहे. भिंतीवरचं काम संपलं, की औषधाने नाहीसं व्हावं अशीच इच्छा असते. तरीही काही जणांच्या तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी वाढते आणि अधूनमधून शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडवर परिणाम दिसतो. म्हणून लक्ष ठेवावं लागतंच.

दुसरं औषध असं, की त्याचा या आजाराशी संबंध नसायला हवा होता. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची नावं आपल्या घरोघरी पाठ आहेत. १९८८ मध्ये स्वीडनमधून ओमेप्राझोल बाजारात आलं ते जठरातलं आम्ल बंद करायला. आधीच्या नियमाप्रमाणे आम्लाच्या गोळ्यांनी रुग्ण बरा झाला, तर त्याला ईओई नाहीच असं ठरायचं. पण मग असे रुग्ण समोर येऊ लागले, की ज्यांचं अस्तर, ज्यांची जनुकं, ज्यांचा सगळा आजार हुबेहूब ईओईचा, आणि तरी ते आम्लाच्या गोळीने बरे होत होते. २०१३ मध्ये डॅलसमधल्या संशोधकांनी अन्ननलिकेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांवर ओमेप्राझोल घातलं. बशीत आम्ल नव्हतं. तरीही इंटरल्यूकिनचा निरोप आल्यावर इओटॅक्सिन-३ बनवण्याचा जो आदेश सुटतो, तो या औषधाने दाबून टाकला. आम्लाचं औषध म्हणून पंचवीस वर्षं दिल्या जाणाऱ्या गोळीचा एक वेगळाच गुण असा उघडा पडला. आज दहापैकी साधारण चार-पाच रुग्णांना या गोळ्यांचा उपयोग होतो. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी तो जुना नियमच काढून टाकला.

हे औषध भिंतीला चिकटून राहत नाही. आतड्यांतून शोषलं जाऊन ते रक्तावाटे येतं. म्हणजे नळीच्या पोकळीत थांबायची जागा नसली, तरी भिंतीच्या पाठीमागचा दरवाजा उघडा आहे.

त्याच दरवाजाने तिसरं औषध येतं, डुपिलुमॅब. हे कातडीखाली टोचायचं एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी आहे. रिजेनेरॉन या अमेरिकी कंपनीने आपल्या खास उंदरांमध्ये प्रतिकारशक्तीची मानवी जनुकं घातली आणि त्यांच्याकडून माणसाला जुळणारं हे प्रतिपिंड मिळवलं. इंटरल्यूकिन-४ आणि १३ हे दोन्ही निरोप पेशीवर ज्या एका कडीला येऊन लागतात, ती कडीच डुपिलुमॅब झाकून टाकते. निरोप सुटतात, पण ते ऐकू जात नाहीत. २०१७ मध्ये ते इसबासाठी मान्य झालं, पुढे दम्यासाठी. मग २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेत १२ वर्षं आणि त्यावरच्या ईओई रुग्णांसाठी, आणि २०२४ च्या सुरुवातीला एक वर्षाच्या, १५ किलो वजनाच्या मुलांपर्यंत ते पोचलं. दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्या दहापैकी सहा रुग्णांचं अस्तर चोवीस आठवड्यांत निवळलं. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात पाच-सहा होतं. इसब, दमा आणि घास अडकणं ही तीन दुखणी आपण कातडीच्या, छातीच्या आणि पोटाच्या डॉक्टरांकडे वाटून देतो. पेशीवरची एक कडी झाकल्याने तिन्ही शांत होतात हे पाहिल्यावर ही वाटणी आपल्या सोयीची होती, शरीराची नव्हे, हे मान्य करावं लागतं.

आणि आता या विषयातलं सर्वांत मोठं आश्चर्य. आजाराच्या नावातच इओसिनोफिल. निदान त्यांची मोजदाद करून. मग सरळ त्यांनाच संपवलं तर? बेनरॅलिझुमॅब हे दम्याचं औषध नेमकं तेच करतं. ते इओसिनोफिलला खूण लावतं आणि शरीराच्या मारेकरी पेशी त्याला नष्ट करतात. २११ ईओई रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अस्तरातून इओसिनोफिल जवळजवळ पुसले गेले, ८७ टक्के रुग्णांमध्ये आकडा ठरवलेल्या रेषेखाली आला. खोट्या औषधाच्या गटात जेमतेम साडेसहा टक्क्यांमध्ये. आणि गिळण्याचा त्रास? तो दोन्ही गटांत सारखाच राहिला. ज्या पेशीवर तीस वर्षं बोट रोखलं होतं ती जागेवरून हटली, तरी घास अडकतच राहिला.

याचा अर्थ इओसिनोफिल निर्दोष आहेत असा मी काढत नाही. पण अस्तराच्या फटी, खाली साचत जाणारे तंतू, मास्ट नावाच्या ॲलर्जीच्या पेशी, आणि या सगळ्यांना हाकणारं इंटरल्यूकिन-१३ हे सारं त्यांच्यावाचूनही चालू शकतं. डुपिलुमॅब वरचा निरोप अडवतं म्हणून गिळणं सुधारतं. बेनरॅलिझुमॅब निरोपाला धावून आलेल्यांपैकी एकाच जमातीला काढतं. आजार कुठल्या पायरीवर अडवायचा हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण वैद्यकात विरळा.

यात वेळ फार मोलाचा आहे, कारण सूज नुसती सूज राहत नाही. अस्तराखाली वण धरावा तसे तंतू साचतात, नळी ताठ होते, तिच्यात कडी उमटतात. दुर्बिणीतून ती श्वासनलिकेसारखी वळ्यावळ्यांची दिसते. शेवटी ती अरुंद होते. स्वित्झर्लंडमधल्या २०० रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. ज्यांचं निदान त्रास सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत झालं त्यांच्यातल्या १७ टक्क्यांची नळी अरुंद झालेली होती. ज्यांनी वीस वर्षांहून जास्त काढली, त्यांच्यात ७१ टक्क्यांची. सावकाश जेवणाऱ्या, घासागणिक पाणी पिणाऱ्या त्या माणसाची ही वीस वर्षं असतात. अरुंद नळी फुग्याने रुंद करता येते आणि घास लगेच उतरूही लागतो, पण सूज तशीच राहते. तिला औषध किंवा आहारच लागतो. हे उपचारही थांबवले की बहुतेकांची सूज परतते. बुडेसोनाइडची विरघळणारी गोळी ४८ आठवडे चालू ठेवणाऱ्यांपैकी चारांत तिघे बरे राहिले. जे खोट्या गोळीवर गेले त्यांच्यात शंभरात चार-पाचच.

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी नोंदला जातो. पण उत्तर भारतातल्या एका मोठ्या रुग्णालयात ॲसिडिटीचा त्रास सांगणाऱ्यांच्या अन्ननलिकेचे तुकडे मुद्दाम तपासले, तेव्हा शंभरात साधारण तिघांना ईओई निघाला. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून अस्तर पुष्कळदा ठीकठाकच दिसतं, म्हणून घास अडकणाऱ्या माणसाच्या नळीतून वरून आणि खालून मिळून निदान सहा तुकडे घ्यावेत असा संकेत आहे. घरात कुणाचा घास वारंवार छातीत अडकत असेल, तर पोटविकारतज्ज्ञाला ते सांगावं, ताटातून काय काय गेलं तेही सांगावं, आणि तुकडे घेतले का हे निःसंकोच विचारावं.

औषध लागू पडलं का, हे नुसत्या त्रासावरून कळत नाही. माणूस बरं वाटतंय म्हणतो आणि अस्तर सुजलेलं असतं. उलटही घडतं. म्हणून पुन्हा पुन्हा दुर्बीण घालावी लागते, आणि मुलांना त्यासाठी दरवेळी भूल. कोलोरॅडो आणि शिकागोतल्या संशोधकांनी यावर एक युक्ती काढली. एका कॅप्सूलमध्ये गुंडाळलेला बारीक दोरा असतो. दोऱ्याचं एक टोक गालाला चिकटवून कॅप्सूल गिळायची. ती खाली जाताना दोरा उलगडत अन्ननलिकेच्या भिंतीला टेकून राहतो. सुरुवातीला तो रात्रभर ठेवत, २०१९ मध्ये एका तासातही काम भागतं असं दिसून आलं. मग दोरा ओढून काढतात आणि इओसिनोफिलमधून झिरपलेली जी प्रथिनं त्याने टिपली ती मोजतात. मूल या सगळ्यात जागंच असतं.